न झालेली टक्कर

२०१९ च्या डिसेंबरात काकांना घेऊन मी पेट स्कॅनसाठी सोलापूरहून पुण्याला गेलो होतो. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. काकांच्या पोटात आदल्या रात्रीपासून अन्नाचा कण नाही, आणि कुर्डुवाडीला चढलेला वडेवाला नेमका आमच्या सीटला टोपली टेकवून उभा. "ह्याला पुढं हाकल बे," काका म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

अकराच्या सुमारास त्यांना सुई टोचली. टोचण्याआधी तिथल्या मुलीने शांतपणे समजावून सांगितलं, की ही एक प्रकारची साखर आहे, तिला फ्लोरिन-१८ नावाचा किरणोत्सारी अणू जोडलाय. गाठीतल्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून ही साखर तिथे जाऊन साठते आणि तिथूनच किरण बाहेर पडतात. स्कॅन झाल्यावर तिने बजावलं, की काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. काकांनी याचा अर्थ जरा जास्तच मनावर घेतला. संध्याकाळची गाडी लागेपर्यंत ते फलाटावरच्या बाकाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. मधे आमची पिशवी. मी जवळ सरकलो की हाताने 'तिकडं' अशी खूण. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. संध्याकाळी सहाला, म्हणजे सात तासांनी, मूळच्या चौदाव्या हिश्श्याएवढाच उरला असणार, हे मी त्यांना हिशोब करून सांगितलं. चौदावा हिस्सा तरी आहे ना, असं त्यांचं म्हणणं. जन्माची बरीच वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर म्हणून काढलेल्या माणसाला 'जवळजवळ संपलं' असल्या बोलण्याचा भरवसा नसतो.

गाडीत मात्र ते बोलते झाले. "अंगातनं किरणं निघतेत म्हणाली ती पोरगी. कसली रे?"

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. असा प्रश्न म्हणजे माझ्या दृष्टीने पंगतीचं आमंत्रण. सांगितलं: त्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉनचाच जुळा, फक्त विद्युतभार उलटा. तो एखाद-दोन मिलिमीटर जातो न जातो तोच त्याला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो. भेटले की दोघंही नाहीसे होतात, आणि त्यांच्या जागी प्रकाशाचे दोन कण, दोन फोटॉन, एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला सुटतात. प्रत्येकाची ऊर्जा ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट. यंत्राचं कडं हे दोन फोटॉन एकाच क्षणी दोन बाजूंना पकडतं आणि मधली रेघ ओढतं. अशा लाखो रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे गाठ.

"म्हणजे दोघं भेटले, दोघंबी गेले, आणि उजेड राहिला."

"हां."

मोहोळ स्टेशन गेलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "मग दोन उजेड भेटले तर ते दोघं परत येतेत का?"

इतकी वर्षं शिकवतोय, पण हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नव्हता. मी म्हणालो, "येतात. कागदावर. नुसते दोन उजेड समोरासमोर आणून तसं करून दाखवलेलं नाही अजून कुणी." तेवढ्यात शेजारच्या रुळावरून समोरची गाडी आली. धाप्प करून हवेचा दणका खिडकीवर बसला, काच थरथरली, आणि ती गाडी गेलीसुद्धा. काका दचकले, मग हसले. आमचं बोलणं तिथेच तुटलं.

(काकांचा रिपोर्ट बरा आला. त्याबद्दल इथे एवढंच.)

कागदावरचं हे उत्तर जुनं आहे. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी १९३१ मध्ये पॉझिट्रॉन असला पाहिजे असं म्हटलं, १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना तो मेघकक्षात, म्हणजे कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणाऱ्या पेटीत, सापडला. १९३३ मध्ये ब्लॅकेट आणि ओकियालिनी यांनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या जन्मताना दाखवल्या. म्हणजे प्रकाशापासून पदार्थ बनतो ही बातमी तेव्हाचीच. अधूनमधून मथळ्यांतून ती नव्याने फुटते आणि मला उगीच चिडायला होतं. पण त्या जोड्यांच्या जन्माला एक मध्यस्थ लागत होता. गॅमा किरण एखाद्या जड अणुकेंद्राच्या जवळून जाणार, ते केंद्र थोडा धक्का स्वतःवर घेणार, तेव्हा कुठे जोडी जमणार. काकांनी विचारलेली गोष्ट वेगळी होती. मध्यस्थ नको, केंद्र नको, फक्त दोन उजेड. तिचं गणित ग्रेगरी ब्राइट आणि जॉन व्हीलर यांनी १९३४ मध्ये मांडलं. व्हीलर तेव्हा जेमतेम २३ वर्षांचे.

गणित मांडलं आणि त्याच लेखात हातही टेकले. क्ष-किरणांचे किंवा गॅमा किरणांचे दोन झोत एकमेकांवर सोडून हे पाहायचं म्हटलं, तर त्या काळातल्या साधनांनी ते अशक्यच, असा त्यांचा सूर होता. कारण समजायला आमच्या सोलापुरातल्या होम मैदानावर जायचं. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांचे, दुकानांचे, शोभेच्या दारूचे किती उजेड एकमेकांतून आरपार जात असतात. कधी एक उजेड दुसऱ्याला अडखळलाय? डोळ्यांना दिसणाऱ्या फोटॉनची ऊर्जा साधारण दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट. जोडी जन्माला घालायला समोरासमोर येणाऱ्या दोघांकडे प्रत्येकी किमान ५,११,००० हवेत. एकाकडे दोनच असतील तर दुसऱ्याने भरपाई करायची, म्हणजे त्याच्याकडे सुमारे १३,००० कोटी हवेत. असे फोटॉन पृथ्वीवर सहज मिळत नाहीत, पण आकाशात असतात. दूरच्या दीर्घिकांतून निघालेले अतितीव्र गॅमा किरण वाटेत ताऱ्यांच्या साध्या प्रकाशाला भिडतात, त्यांची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते आणि ते आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. लडाखमध्ये हानलेला, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस नावाची दुर्बीण आहे. असल्याच ऊर्जांचे गॅमा किरण ती टिपते. त्यांत न आलेल्या किरणांचाही हिशोब ठेवावा लागतो. हे मला फार आवडतं. आपल्या सुताच्या व्यापाऱ्यांसारखं: किती गाठी आल्या त्याबरोबर किती यायला हव्या होत्या तेही वहीत.

पण ब्राइट-व्हीलर यांनी दार पुरतं लावलं नव्हतं. जाता जाता त्यांनी एक फट ठेवली: वेगाने धावणाऱ्या अणुकेंद्राच्या विद्युतक्षेत्राकडे फोटॉनांचा दाट थवा म्हणून पाहता येतं, असं विल्यम्स नावाचे भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. त्यात काही जमू शकेल.

या फटीतून २०२१ साली उजेड आला.

जुलै महिना होता. कॉलेज बंद, माझा वर्ग मोबाईलवर, पोरांचे व्हिडिओ बंद, फळ्याऐवजी माझ्यापुढे भिंत. दुपारी मोकळ्या वेळात मी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेची बातमी वाचली आणि खुर्चीतच ताठ झालो. पहिली आठवण झाली ती मोहोळनंतरच्या त्या दणक्याची.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवनचं वर्तुळाकार यंत्र आहे, परीघ ३.८ किलोमीटर. त्यात सोन्याचे अणू सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकून, म्हणजे नुसती केंद्रं, दोन उलट दिशांना पळवली. वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के. ही केंद्रं एकमेकांवर आपटून विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणातला रस्सा तयार करायचा, हा त्या यंत्राचा मुख्य उद्योग होता. टक्कर झाली की हजारो कण उडतात, आणि चित्रं तर अशी येतात की दारूकामवाल्याने हेवा करावा. पण बहुतेक वेळा केंद्रं एकमेकांना चुकतात. अगदी शेजारून, अंगाला अंग न लावता निघून जातात. कित्येक वर्षं या चुकलेल्या भेटींकडे, निदान माझ्यासारख्या लांबून बघणाऱ्याने, वाया गेलेला माल म्हणूनच पाहिलं. प्रश्नाचं उत्तर त्या वाया मालात होतं.

सोन्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन, म्हणजे भोवती दांडगं विद्युतक्षेत्र. केंद्र उभं असेल तर हे क्षेत्र सगळीकडे सारखं पसरलेलं, कणकेच्या गोळ्यासारखं. या वेगाला आपल्या नजरेतून ते धावण्याच्या दिशेने शंभराहून जास्त पटींनी चपटं होतं. सोलापुरात हे समजवायला मला कधी त्रास पडलेला नाही: गोळ्याची कडक भाकरी होते. आणि अशी भाकरी जेव्हा तुमच्या शेजारून सण्णकन जाते, तेव्हा तुम्हाला जो क्षणभराचा विद्युत-चुंबकीय झटका बसतो, तो प्रकाशाच्या झटक्यापासून वेगळा ओळखता येत नाही. एन्रिको फर्मी यांनी १९२४ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे व्हाइत्सेकर आणि विल्यम्स यांनी ती सापेक्षतेच्या सिद्धांतात बसवली. सोन्याचं धावतं केंद्र आपल्याबरोबर फोटॉनांचा थवाच घेऊन धावत असतं. दोन केंद्रं शेजारून गेली, की केंद्रं चुकतात पण थवे भेटतात. गाड्या एकमेकींना शिवल्या नाहीत, पण त्यांच्या हवेने माझ्या खिडकीवर दणका दिला, तसं काहीसं. इथे तुलना थांबवतो, नाहीतर पोरं परीक्षेत हवाच लिहून येतात.

सोनं का, याचं उत्तर हिशोबात आहे. प्रत्येक बाजूचे फोटॉन प्रोटॉनांच्या संख्येच्या वर्गाने वाढतात. दोन्ही बाजू धरल्या तर चौथा घात: ७९ चा चौथा घात ३ कोटी ८९ लाखांच्या वर. नुसत्या प्रोटॉनांच्या टकरीपेक्षा एवढे पट जास्त संधी. आणि त्या यंत्रात या फोटॉनांची ऊर्जा सुमारे ३०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते, म्हणजे लागणाऱ्या पाच लाखांच्या पुढे भरपूर.

ब्रुकहेवनच्या यंत्रावरच्या स्टार या प्रयोगाच्या गटाने असे ६,०८५ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचे प्रसंग वेचून काढले. (याच प्रयोगात कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने बांधलेलं फोटॉन मोजणारं एक उपकरणही बरीच वर्षं होतं, त्याचा या निकालाशी थेट संबंध नाही, पण बरं वाटतं.) बाकी काहीच नसलेल्या प्रचंड शोधकात फक्त दोन रेघा. चुंबकीय क्षेत्रात एक इकडे वळलेली, दुसरी तिकडे. आणि सोनं? ते आपल्या वाटेने पुढे निघून गेलेलं. फार तर धक्क्याने एखाद-दुसरा न्यूट्रॉन गळलेला. उलट तो गळलेला न्यूट्रॉनच यंत्राला सांगतो, की अरे, इथून आत्ता कुणीतरी अगदी जवळून गेलं.

आता भांडणाचा मुद्दा. हे फोटॉन 'खरे' का? केंद्राच्या क्षेत्रातून आलेले फोटॉन काटेकोर अर्थाने आभासी असतात, मोकळे सुटलेले नव्हेत. म्हणून काही जाणकार म्हणतात, की याला ब्राइट-व्हीलर म्हणायचं नाही. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यापूर्वी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत लेझरच्या साहाय्याने सुमारे शंभर पॉझिट्रॉन मिळवले होते. पण तिथे एका गॅमा फोटॉनसमोर लेझरचे अनेक फोटॉन एकदम लागत होते, एकास एक असा सामना नव्हता. स्टारवाल्यांचं म्हणणं असं: आभासी फोटॉनला ध्रुवीकरणाची, म्हणजे डुलण्याची, एक जादा दिशा असते, प्रवासाच्या रेषेतली. खऱ्याला ती नसते. ती असती तर इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात सुटतात याचा नकाशा वेगळा आला असता. आमचा नकाशा खऱ्या फोटॉनांच्या गणिताशी जुळतो. मला हे पटतं. चोवीस कॅरेट म्हणणार नाही, पण कसोटीच्या दगडावर जो कस उमटला तो सोन्याचाच आहे.

त्या नकाशातली एक गोष्ट मला काकांपर्यंत न्यायचीच होती.

गिरणी बंद पडल्यावर काका पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात लागले. जकार्डवर. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत राहते, भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही, आणि खालून धोटा बाणा घेऊन धावतो. लहानपणी मी त्या मागासमोर उभा राहून मोर कधी दिसतो याची वाट बघायचो. एका धाग्याने काही दिसत नाही. दहानेही नाही. काकांना मात्र चादर वीतभर उतरली की कळायचं, कुठल्या पुठ्ठ्याचं भोक बुजलंय. नक्षीतली चूक फेऱ्याफेऱ्याला परत येते ना, त्यावरून.

स्टारच्या सहा हजार जोड्यांचं अगदी असंच. एकेक जोडी म्हणजे एकेक बाणा, तिच्यात अर्थ नाही. सगळ्या एकावर एक रचल्या, आणि जोडीची एकूण दिशा व त्यातल्या एका कणाची दिशा यांच्यातला कोन मोजला, तर चार उंचवटे, चार खळगे. चार पाकळ्यांचं फूल. ही नक्षी येते याचं कारण केंद्राचं क्षेत्र मध्यापासून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखं पसरलेलं असतं. त्यामुळे हे फोटॉन वाटेल तसे न डुलता एका ठरावीक पातळीतच डुलतात, आणि त्यांच्या जोड्यांनाही दिशांची आवडनिवड येते.

ही नक्षी नुसती सुंदर नाही. हायझेनबर्ग आणि ऑयलर यांनी १९३६ मध्ये म्हटलं होतं, की तीव्र क्षेत्रात रिकामी पोकळीसुद्धा प्रकाशाशी कॅल्साइटसारखी वागेल, एका ध्रुवीकरणाला एक वागणूक, दुसऱ्याला दुसरी. माझ्याकडे विहिरीच्या खोदकामात निघालेला कॅल्साइटचा एक तुकडा आहे, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत सापडतो तसला. वर्तमानपत्रावर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. पोरांना तो इतका आवडतो की दोनदा चोरीला जाऊन परत आलाय. त्या चार पाकळ्या म्हणजे पोकळीच्या याच स्वभावाची खूण, असं स्टारच्या गटाने मांडलं. काहीच नसलेल्या जागेचाही पोत असतो! हे वाक्य मी वर्गात म्हटलं तेव्हा पोरांच्या बंद व्हिडिओंतून कुणीतरी 'सर, आवाज तुटतोय' असं लिहिलं.

काकांना हे सगळं मी एकदम सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी, सहा वर्षांत. त्यांना सगळ्यात आवडला तो जिनिव्हाच्या मोठ्या यंत्रातला किस्सा. तिथे सोन्याऐवजी शिसं धावतं, ८२ प्रोटॉनांचं. दोन शिशाची केंद्रं शेजारून गेली, जोडी जन्मली, आणि कधीकधी त्यातला इलेक्ट्रॉन पळून न जाता शिशालाच चिकटतो. मग त्या केंद्राचा भार ८२ ऐवजी ८१ होतो, चुंबक त्याला बरोबर वळवू शकत नाही, आणि ते पुढे जाऊन नळीच्या भिंतीवर आपटतं. दरवेळी त्याच ठिकाणी. तिथला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा, चुंबक तापून त्याची अतिवाहकता जाऊ शकते. ती किती माऱ्याला जाते हे पाहायला २०१५ मध्ये त्यांनी तसं मुद्दाम घडवूनही आणलं. काकांनी मांडीवर थाप मारली. "धोटा उडतो बे! आमचाबी एका साच्याचा दरवेळी एकाच जागी उडायचा. भिंतीला खड्डा पडला होता."

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर बसून शेवटचा भाग सांगितला. मे २०२५ मध्ये ॲलिस प्रयोगाने जाहीर केलं, की जिनिव्हाच्या त्याच न झालेल्या टकरींत कधीकधी फोटॉनच्या धक्क्याने शिशातून तीन प्रोटॉन उडतात. ८२ वजा तीन.

काकांनी बोटं मोजली नाहीत, पण डोळे बारीक केले. "सोनं?"

"सोनं. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत ८,६०० कोटी केंद्रं."

"वजन सांग."

"२९ पिकोग्रॅम. एक गुंज भरायची तर त्या वेगाने साधारण १,६५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी."

काका बराच वेळ विचार करत होते. मला वाटलं, आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या गाडीतल्या प्रश्नासारखं काहीतरी येणार. "आणि टिकतं तरी का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणालो, जन्मल्याबरोबर नळीवर आपटून फुटतं.

"मग सराफ कट्ट्यावर सांगू नको. हसतील."

तेवढ्यात बोळात चादरींच्या गाठी लादलेला टेम्पो शिरला आणि समोरून रिक्षा. दोघांनीही माघार घ्यायला नकार दिला. काका उठले, ओट्याच्या कडेला उभे राहिले, दोन्ही हात वर केले. टेम्पोवाल्याने आरसा आत मुडपला. "येऊ दे… येऊ दे… चार बोटं हायेत… तू पण ये रे…" रिक्षाचा पत्रा आणि गाठींचं सुत यांच्यामधून एवढीशी उन्हाची पट्टी सरकत गेली, आणि दोघंही आपापल्या दिशेला निघून गेले. काका तिथेच हात वर करून उभे.